ज्याची चौकशी होते, त्याचं काय?

माझ्या भाचीच्या आयुष्यातले नऊ दिवस स्पायरल बाइंडिंग करून ठेवलेले मी पाहिले आहेत. वर पारदर्शक प्लॅस्टिक, आत २२ पानं, प्रत्येक पानावर दोन फोटो आणि फोटोखाली तारीख-वेळ. सकाळी ८.५०, सोसायटीच्या पार्किंगमधून ॲक्टिव्हा काढताना. दुपारी १.२०, ऑफिसच्या गेटबाहेरच्या टपरीवर तीन सहकाऱ्यांबरोबर, ‘त्यांपैकी दोन पुरुष’. संध्याकाळी ७.०५, संभाजी उद्यानात बाकावर एकटी. या फोटोखाली लिहिलं होतं : ‘सब्जेक्ट फोनवर बराच वेळ भावुक अवस्थेत. समोरची व्यक्ती कोण, हे समजू शकले नाही.’

समोरची व्यक्ती म्हणजे तिची आई, माझी धाकटी बहीण. त्या दुपारी बहिणीच्या यजमानांची अँजिओग्राफी झाली होती आणि बायपास करावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी गेल्यावर बाबांसमोर रडू यायला नको, म्हणून पोरगी बागेत थांबून रडून घेत होती. आणि कुणीतरी झाडाआडून तिचा फोटो काढत होतं.

रिपोर्टच्या शेवटी निष्कर्ष होता : ‘चारित्र्याबाबत आक्षेपार्ह काही आढळले नाही.’ ही वही तिला तिच्या होणाऱ्या नवऱ्यानंच आणून दिली. त्याच्या घरच्यांनी त्याला न विचारता खासगी गुप्तहेराकडून चौकशी करवली होती. कपाटात वही सापडल्यावर त्याला राहवलं नाही. लग्न झालं, दोघं सुखात आहेत, सासूबाईंनी नंतर तिची मनापासून क्षमाही मागितली. पण त्या दिवशी माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर ती वही उघडून बसलेली असताना तिनं विचारलं होतं, “मावशी, मी पास झाले म्हणून आनंद मानायचा का गं?” मला उत्तर देता आलं नाही. हा लेख लिहायला बसले ते त्यामुळे.

सदाशिव पेठेतल्या एका वधू-वर सूचक मंडळात मी गेली १७ वर्षं दर रविवारी सकाळी बसते. फॉर्म तपासणं, पत्रिका लावून ठेवणं, आलेल्या आईवडिलांना चार गोष्टी समजावून सांगणं, एवढंच माझं काम. मी सुरुवात केली तेव्हा लोक विचारायचे, “तिकडे तुमच्या ओळखीचं कुणी आहे का हो?” आता आवाज खाली करून विचारतात, “एखाद्या चांगल्या डिटेक्टिव्हचा नंबर आहे का?” दोन्ही प्रश्नांमागची काळजी एकच आहे. पण उत्तर मिळवण्याची रीत बदलली, आणि त्या बदलाकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही असं मला वाटतं.

स्थळाची चौकशी आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. मुलगा काय करतो, घरात वळण कसं आहे, कुणाला काही दुखणं आहे का, हे विचारायला मामा नाहीतर काका जायचे. कोपऱ्यावरचा वाणी, दूध घालणारा गवळी, वाड्यातले शेजारी, बँकेतला एखादा सहकारी. एका वाड्यात सामायिक नळ, सामायिक जिना, पातळ भिंती. लपवायचं म्हटलं तरी फारसं लपत नसे. ही रीत निर्मळ होती असं मी मुळीच म्हणणार नाही. जुन्या भांडणाचा सूड म्हणून कुणी भांजी मारली आणि चांगलं जमलेलं लग्न मोडलं, अशी उदाहरणं आमच्या पिढीतल्या प्रत्येकीला ठाऊक आहेत. पण भांजी मारणारा कोण, हे उशिरा का होईना कळायचं. तो गणपतीच्या आरतीला समोर उभा असायचा. त्याला जाब विचारता यायचा.

आज वाकडला चौदाव्या मजल्यावर दोन मित्रांबरोबर भाड्यानं राहणाऱ्या मुलाबद्दल कुणाला विचारायचं? आईवडील लातूरला, नोकरी हिंजवडीत, शेजारचा फ्लॅट दर अकरा महिन्यांनी बदलणारा, गेटवर सगळी नोंद ॲपमध्ये. मुलीचा बाप सोलापूरहून येऊन कुणाचं दार वाजवणार? शहरानं जी ओळख काढून घेतली, ती पैसे देऊन परत मिळते का हे लोक पाहतात. त्यात मला गैर वाटत नाही.

काही वेळा तर त्यावाचून गत्यंतर नसतं. चार वर्षांपूर्वी आमच्याच मंडळातून एक स्थळ जमत आलं होतं. मुलगा परदेशात, बोलायला मृदू, फॉर्मवर ‘प्रथम विवाह’ या चौकटीत खूण. मुलीच्या वडिलांनी एका संस्थेमार्फत तिथल्या विवाहनोंदणीचे कागद तपासून घेतले. नोंद सापडली, लग्न झालेलं होतं, ते मोडलेलंही नव्हतं. ती खोटी खूण आम्ही जशीच्या तशी आमच्या यादीत छापली होती. त्या वडिलांचा फोन आला तेव्हा मला लाज वाटली आणि त्या अनोळखी तपास करणाऱ्याबद्दल कृतज्ञताही वाटली. एक मुलगी वाचली होती, आणि आम्ही तिला वाचवलं नव्हतं.

म्हणून खासगी गुप्तहेर नकोतच, असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. या व्यवहारात आपण दोनच पक्ष धरतो, पैसे देणारा आणि काम करणारा. तिसरा पक्ष, ज्याच्यावर नजर ठेवली जाते तो, करारात नसतो. कायद्यालाही तो पुरता दिसत नाही, आणि नंबर मागायला आलेल्या आईवडिलांच्या डोळ्यांसमोर तर तो नसतोच. तो दिसायला हवा. एवढी एक गोष्ट मान्य केली, तर गुप्तहेराकडून काय अपेक्षा करायची आणि त्याला काय करू द्यायचं नाही, हे दोन्ही आपोआप ठरत जातं.

पहिल्या भेटीपासूनच सांगते. आपण गेलो की मनात एकच असतं, हा माणूस काय काय शोधून देईल. खरं तर तो आपल्याला काय विचारतो तिकडे लक्ष द्यावं. तुम्ही कोण, ज्याची चौकशी हवी त्याचं तुमचं नातं काय, माहिती कशासाठी हवी, ओळखपत्र दाखवा, हे त्यानं विचारलंच पाहिजे. नुसतं नाव आणि फोटो घेऊन तो ॲडव्हान्सची पावती फाडत असेल तर तिथून उठावं. कारण ज्यानं तुम्हाला काही विचारलं नाही, तो उद्या येणाऱ्यालाही विचारणार नाही. मार खाऊन माहेरी किंवा एखाद्या वसतिगृहात लपून राहिलेल्या बाईचा पत्ता काढायला तिचा नवरा आला, नकार पचवू न शकलेला एखादा मुलगा आला, तरी त्याच्यासाठी ती फक्त एक केस असेल. तुमच्याही घरात मुलगी आहे, आणि त्या दुसऱ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तिचा पत्ता हवा असू शकतो.

दुसरं, करार लेखी हवा. किती दिवस, किती माणसं, कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, खर्च कसा धरणार, आणि काम संपल्यावर फोटो व कागदांच्या प्रतींचं काय करणार. हे शेवटचं कलम मी अजून कुणाच्या करारात पाहिलेलं नाही. माझ्या भाचीचे ते फोटो आजही कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर असतील. ते काढून टाकले का, हे विचारायचा हक्क तिला आहे असं कुणाला वाटतच नाही, कारण ती त्यांची ग्राहक नव्हती.

पाळतीबद्दल लोकांच्या कल्पना पडद्यावरून आलेल्या असतात. प्रत्यक्षात पुण्यात एका माणसाला एका गाडीवरून दुसऱ्याच्या मागे राहणं कठीण. सिग्नल पडला की पुढचा निसटतो, म्हणून बहुधा दोघे दोन दुचाकींवर असतात आणि पैसे रोजाच्या हिशोबानं, दोघांचे लागतात. त्यातला बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो. माणूस ऑफिसला जातो, वडापाव खातो, घरी येतो. आठ दिवस असेच गेले तरी बिल आठ दिवसांचंच होतं, आणि ते रास्तही आहे. काहीच न सापडणं हेसुद्धा उत्तर असतं. पण पैसे मोजलेल्या माणसाला ते उत्तर आवडत नाही आणि एजन्सीला ते माहीत असतं. म्हणून ‘त्यांपैकी दोन पुरुष’ अशा ओळी येतात. रिपोर्ट भरीव दिसावा म्हणून टपरीवरच्या चहाला वजन चढवलं जातं. अमुक सापडेलच अशी हमी जो देतो, त्याच्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा. हमी द्यायची म्हणजे एकतर खोटं लिहायचं, नाहीतर कायदा मोडायचा.

कायदा मोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग मोबाइलमधून जातो. “सीडीआर काढून देतो”, म्हणजे कुणी कुणाला कधी, किती वेळ फोन केला त्याची यादी, हे वाक्य आजही या बाजारात ऐकू येतं. ही यादी कोणत्याही खासगी माणसाला मिळू शकत नाही. पोलिसांनाही ती तपासासाठी, अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत मागवावी लागते; न्यायालय ती मागवू शकतं. बाकी कुणाच्या हातात ती आली तर ती चोरीची आहे. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी साखळी उघडकीस आणली तेव्हा खासगी गुप्तहेरांना अटक झाली आणि ग्राहकांनाही जबाबासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली. “मी फक्त पैसे दिले, कसं आणलं ते मला ठाऊक नाही” हे सांगून सुटता येत नाही.

फोनमध्ये गुपचूप ॲप टाकून मेसेज वाचणं तर याहून वाईट. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांखाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. एखाद्या पुरुषानं स्त्रीच्या ईमेलवर, इंटरनेटवरच्या वावरावर नजर ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमानुसार पाठलागाच्या गुन्ह्यात बसतं. नवरा आहे म्हणून बायकोच्या फोनचा मालक होत नाही, बायकोही नवऱ्याच्या फोनची होत नाही. हे साधं वाक्य घराघरांत अजून पोचलेलं नाही.

इथं कुणी म्हणेल, आता सर्वोच्च न्यायालयानंच परवानगी दिली आहे. जुलै २०२५ मधला विभोर गर्ग विरुद्ध नेहा हा निकाल त्यांच्या मनात असतो. पतीनं पत्नीचं संभाषण तिला न कळवता रेकॉर्ड केलं होतं. घटस्फोटाच्या दाव्यात ते पुरावा म्हणून वाचता येईल, असं न्यायालयानं ठरवलं. तो निकाल नीट वाचावा. नवरा-बायकोतलं स्वतःचं संभाषण, आणि तेही त्यांच्यातल्याच वैवाहिक दाव्यात, असा तो प्रश्न होता. तिऱ्हाइताला बेडरूममध्ये यंत्र बसवायला त्यानं मोकळीक दिलेली नाही. शिवाय एकमेकांवर पाळत ठेवण्याची वेळ येणं हेच नातं मोडल्याचं लक्षण आहे, असंही न्यायालयानं त्यात म्हटलं आहे. पुरावा ग्राह्य ठरणं आणि तो मिळवण्याची रीत कायदेशीर असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२च्या मलकानी निकालापासून न्यायालयं वाममार्गानं मिळालेला पुरावाही तपासून पाहत आली आहेत. पुरावा वाचला जाईल आणि मिळवणाऱ्यावर खटलाही होईल, असं दोन्ही एकाच वेळी घडू शकतं.

आणि मिळालेला पुरावा टिकतो का? शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात एजन्सीचे फोटो व्हॉट्सॲपवर घेऊन येणारी माणसं भेटतात. वकील विचारतात, मूळ मेमरी कार्ड कुठे आहे? ते नसतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमानुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्यानं आणि दुसरा तज्ज्ञानं भरायचा, आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसाच म्हणा, त्यात लिहायचा. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली जुन्या कायद्याखाली हेच बजावलं होतं : मूळ उपकरण समोर नसेल तर प्रमाणपत्र हवंच. त्यापुढे, ज्यानं फोटो काढले त्याला साक्षीला यावं लागतं आणि उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. “साक्षीला कोण येणार?” हे पहिल्याच दिवशी विचारलं, तर अनेक एजन्सींचा सूर बदलतो. हजारो रुपये मोजून हाती आलेली वही शेवटी घरातल्या भांडणात एकमेकांवर फेकण्यापलीकडे उपयोगी पडत नाही.

यातला बराचसा खर्च टाळता येतो, हे मला कळकळीनं सांगायचं आहे. मुलाच्या नावावर शेत आहे म्हणतात? गट नंबर मागा, सातबारा ऑनलाइन दिसतो. फ्लॅट त्याचा आहे की कुणाचा, हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा, काढून बघता येतं. त्याच्यावर दावा किंवा फौजदारी खटला चालू आहे का, ते न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर जिल्हा निवडून, नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं. एकाच नावाची चार माणसं निघतात, म्हणून वडिलांचं नाव आणि पत्ता ताडून बघायचा एवढं पथ्य पाळावं. कंपनीचा संचालक आहे म्हणाला तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत दिसेल. पदवीची खातरजमा विद्यापीठ करून देतं. हे सगळं उजेडातलं आहे. कुणाच्या बाकामागं झाडाआड उभं राहावं लागत नाही. आमच्या मंडळात एक निवृत्त तलाठी येतात, ते लोकांना हे शिकवतात आणि एका चहाच्या वेळात अर्धी चौकशी संपते.

आधीच लग्न झालेल्या, त्रासात असलेल्या बायकांना मी अजून एक सांगते. पोटगीच्या दाव्यात नवऱ्याचं उत्पन्न शोधायला गुप्तहेर लावण्यापूर्वी वकिलाला विचारा. नागपूर खंडपीठातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजूंना मिळकत आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं आहे. खोटं लिहिलं तर त्याची शिक्षा वेगळी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. मारहाण, धमक्या असतील तर पोलिसांच्या भरोसा सेलची, म्हणजे महिलांच्या मदतीसाठीच्या कक्षाची, वाट धरा. मंगळसूत्र गहाण टाकून एजन्सीचा ॲडव्हान्स भरलेली बाई मी पाहिली आहे. तिला हवं होतं ते तिला हक्कानं मिळणार होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता सरकारच्या वाट्याचं. आपल्या सोसायटीच्या गेटवर बसणाऱ्या सुरक्षारक्षकाचा विचार करा. त्याच्या एजन्सीला २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना लागतो. त्याची पोलीस पडताळणी होते. केंद्राच्या आदर्श नियमांत त्याच्यासाठी १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण सांगितलं आहे. हे सारं कागदावर किती आणि जमिनीवर किती हा प्रश्न आहेच, पण निदान कागद आहे. त्याच गेटवर येऊन, कुरिअरवाला असल्याचं सांगून, “बी विंगमधल्या मॅडमकडे रात्री कोण येतं?” असं विचारणाऱ्या माणसाला मात्र कोणताही खास परवाना लागत नाही. ऑफिस थाटायला शॉप ॲक्टची नोंद पुरते, आणि छोट्या आस्थापनेला तर ऑनलाइन माहिती भरली की पावती हातात येते. माझ्या भाचीच्या सोसायटीत हे असंच घडलं होतं. वॉचमननं सेक्रेटरींना सांगितलं, सेक्रेटरींच्या घरून ते मजल्यामजल्यावर गेलं. रिपोर्टात ‘आक्षेपार्ह काही नाही’ आलं, पण तो प्रश्न विचारला गेला हेच सोसायटीच्या लक्षात राहिलं. पुढे महिनाभर लिफ्टमध्ये बायका तिच्याकडे बघून गप्प व्हायच्या.

हे सावरायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. २००७ मध्ये खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. परवाना सक्तीचा, केंद्रात आणि राज्यांत नियामक मंडळं, असा त्याचा आराखडा होता. त्याचा कायदा झालाच नाही. त्यानंतर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आला, त्याचा पाया संमती हा आहे. म्हणजे तत्त्व ठरलं, डेटाचा कायदा झाला, आणि जो माणूस रोज दुसऱ्याचा खासगीपणा हाताळून पोट भरतो त्याच्यासाठी नियम मात्र राहूनच गेले. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत या कामाला परवाना लागतो. आपल्याकडे केंद्राला सवड नसेल तर महाराष्ट्रानं पुढाकार घ्यावा. सुरक्षारक्षकांसाठी १९८१ मध्ये स्वतंत्र कायदा करणारं हे राज्य आहे. त्याला हे जड नाही.

परवान्याचा फायदा प्रामाणिक गुप्तहेरालाच जास्त होईल. आज त्याच्याकडे दाखवायला काही नाही. वर्षानुवर्षं सरळ मार्गानं काम करणारा आणि सीडीआर विकणारा, दोघांच्या पाट्या सारख्याच दिसतात. कायद्यात मला चार गोष्टी हव्यात : ग्राहकाचा हेतू आणि ओळख नोंदवणं बंधनकारक असावं, खोटी ओळख सांगून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करण्यावर बंदी असावी, काम संपल्यावर ठरावीक मुदतीत फोटो-कागद नष्ट करावेत, आणि ज्याच्यावर पाळत ठेवली गेली त्याला तक्रार करायला एक दार असावं. चौथी गोष्ट मिळाली नाही तर पहिल्या तिन्ही कागदावरच राहतील, कारण त्या मोडल्याचं सांगणार दुसरं कुणी नसतं.

मंडळात हे बोलले की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला : ज्यानं काही केलं नाही त्याला भीती कशाची? माझ्या भाचीनं काही केलं नव्हतं. ती वडिलांच्या आजारपणानं रडत होती. त्या रडण्याला साक्षीदार नको असणं यात अपराध कोणता? हेर म्हटलं की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात आणि अभिमान वाटतो. त्यांची नजर शत्रूच्या मुलखावर होती. जिला सून म्हणून ओटी भरून घरात आणायची, तिच्याकडे शत्रूच्या मुलखासारखं बघून संसार कसा सुरू करायचा?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सांगून चौकशी केली तर खरं कसं कळणार? समोरचा सावध होईल. होईल, काही बाबतींत होईल. तो परदेशातला मुलगा सावध झाला असता. पण त्याचं खोटं उघडं पडलं ते सरकारी नोंदीतून. तो कितीही सावध झाला असता तरी ती नोंद पुसली गेली नसती. खरी महत्त्वाची माहिती, म्हणजे आधीचं लग्न, कर्ज, खटले, पदवी, नोकरी, ही बहुतेक अशीच कागदावर असते. पाळतीतून कळतं ते कोण कुणाबरोबर चहा प्यायलं. शिवाय सांगितल्यावर जो बिथरतो, नोकरीचं पत्र दाखवायला कां-कू करतो, त्याच्याबद्दल तिथंच पुष्कळ कळलेलं असतं.

हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी लागते तेव्हा मुलांची चौकशी होतेच. आधीच्या कंपनीला विचारतात, पदवी तपासतात, पत्त्यावर माणूस जातो. पण त्याआधी मुलाची संमतीपत्रावर सही घेतात. कुणाला त्यात अपमान वाटत नाही, कारण त्याला माहीत असतं काय तपासलं जाणार आहे, आणि चुकीचं काही निघालं तर खुलासा करायची संधी मिळते. नोकरीसाठी आपण माणसाला एवढा मान देतो. आयुष्यभराच्या नात्यासाठी द्यायला हरकत काय, हे मी वारंवार विचारते आणि मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

म्हणून या गुढीपाडव्यापासून आमच्या मंडळाच्या फॉर्मवर शेवटी तीन ओळी वाढवल्या आहेत : ‘दोन्ही कुटुंबांनी एकमेकांच्या शिक्षण, नोकरी, मिळकत, पूर्वीचा विवाह आणि न्यायालयीन प्रकरणे यांची कागदोपत्री खातरजमा करण्यास माझी संमती आहे. आवश्यक कागद मी स्वतः देईन. याव्यतिरिक्त गुप्तपणे पाळत ठेवली जाणार नाही, असे उभयपक्षी मान्य आहे.’ खाली सही मुलाची किंवा मुलीची, आईवडिलांची नव्हे. पहिल्या रविवारी दोन कुटुंबं फॉर्म परत घेऊन गेली. एका काकांनी सही करून दिली आणि मी त्यांना फॉर्म परत केला. सही त्यांची होती. मुलगी बाहेर पायरीवर बसली होती. तिला आत बोलावलं, तिनं उभ्या उभ्या तिन्ही ओळी वाचल्या, पहिल्या ओळीत ‘आरोग्य’ हा शब्द का नाही असं विचारलं, आणि मग पेन मागितलं. तिचं म्हणणं रास्त होतं. पुढच्या छपाईत तो शब्द घालतो आहोत.